सोळा खांबांचं देऊळ

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की पाचेक किलोमीटरवर नागरा येतं. ऑटोवाल्याला ‘शिवमंदिर’ एवढंच सांगितलं, पुढं काही विचारावं लागलं नाही. धानकापणीचे दिवस होते. दोन्ही अंगांच्या बांध्या रिकाम्या होत आल्या होत्या. कुठं भारे रचलेले, कुठं मळणी सुरू. विदर्भ म्हणजे कापूस आणि संत्री, असं धरून चालणाऱ्यानं पूर्वेचा हा धानाचा मुलूख एकदा तरी पाहावा.

नागऱ्याचं हे देऊळ मातीखाली गेलं होतं. पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं. ते चौदाव्या-पंधराव्या शतकातलं मानतात. सोळा दगडी खांबांवर त्याचा सगळा भार आहे आणि जोडकामात सिमेंटसारखं काही वापरलेलं नाही. हे आधी वाचलं होतं. पण एका सांध्यावर बोट फिरवलं तेव्हा ते खरं पटलं. दोन दगडांमधली रेघ डोळ्यांना दिसते, नख मात्र आत जात नाही. खालच्या बाजूला तेलाचे जुने ओघळ आहेत, आणि हाताच्या उंचीवर दगड गुळगुळीत झालाय. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथंच हात टेकत आलेत.

असं बांधकाम टिकतं ते वजनावर आणि मापावर. एका दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याला उंचवटा ठेवायचा आणि एकात एक बसवायचा. खांबावर तुळई, तुळईवर छताच्या शिळा. वरचा भार खालच्याला जागेवर दाबून धरतो. घडताना पाथरवटाचं माप चुकलं, तर ते लपवायला मध्ये चुन्याचा थरही नसतो.

गावात देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, तेराव्या शतकातला. पण अंबरनाथचं शिवालय 1060 सालचं आहे, म्हणजे ही दगडी परंपरा त्याच्या दोनशे वर्षं आधीची. आणि नागऱ्याचा काळ धरला, तर देवगिरीचं राज्य तोवर बुडालेलं होतं. श्रेय एका प्रधानाच्या पदरात गेलं; पाथरवटांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पॅरिसच्या नोत्र दामचं काम 1163 मध्ये सुरू झालं. तिथंही छिन्नी चालवणारे बहुतेक हात निनावीच राहिले. पण 2019 च्या आगीनंतर ते कॅथेड्रल पुन्हा उभं करायला गवंडी, सुतार, काचकारागीर जुन्या पद्धतीनं राबले आणि 2024 च्या डिसेंबरात त्याची दारं उघडली. जुनी वास्तू जपायची तर जुनं कसब जिवंत लागतं, हे त्या लोकांना उमगलंय. आपल्याकडे सुट्या दगडांचे सांधे बांधणारे हात किती उरले असतील, या विचारानं मी अस्वस्थ झालो.

देऊळ निव्वळ पाहण्याची वस्तू झालेलं नाही, याचा मात्र मनापासून आनंद झाला. दोन बाया लोटे घेऊन आल्या, पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, खांबाला पाठ टेकून घरच्या गोष्टी बोलत बसल्या. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. पूजा चालू आहे म्हणून माणसांचं लक्ष आहे.

पण भक्तीच्या भरातच जुन्या देवळांचं नुकसानही होतं. दगडावर ऑइलपेंट फासला की दगडाचा श्वास कोंडतो. सांध्यात सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि कडेचा दगड हळूहळू भुगा होऊन झडतो. भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप वेळीच काढलं नाही, तर तेच पुढं शिळा उचकटतं.

नागऱ्याला जरूर जा. पाणी घाला, बेल वाहा. देणगी द्यायची असेल, तर ती रंगासाठी किंवा फरशीसाठी देऊ नका. जाणत्या माणसांकडून होणाऱ्या डागडुजीसाठी द्या.