पाऊण तासाचं उड्डाण

सिंगापूर ते क्वालालंपूर हवाई अंतर जेमतेम 300 किलोमीटर. वेळापत्रकात तासाभराचं उड्डाण. सांगलीहून आमच्याकडे आलेल्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग चहा इथे घेऊ, नाश्ता तिकडे!" मी गप्प बसले.

पावणेसातला टॅक्सीत बसलो. चांगी विमानतळ तसा शहराला लागूनच, पण सामान देणं, पासपोर्ट, सुरक्षा तपासणी हे काही सुटत नाही. सव्वानऊचं विमान दारातून हललं आणि धावपट्टीच्या रांगेत उभं राहिलं. वेळापत्रकातल्या तासात हे ताटकळणंही धरलेलं असतं. हवेत आपण असतो फार तर पाऊण तास. पट्ट्याचा दिवा विझताच हवाईसेविका ट्रॉली घेऊन जवळजवळ धावतच आल्या. आईने ज्यूसच्या डबीचं झाकण सोलेपर्यंत विमान उतरायला लागलं. "अगं, बसलो काय नि उतरलो काय!"

खाली हिरव्या रांगाच रांगा. "केवढ्या नारळाच्या बागा!" नारळ नव्हे, पामतेलाचे मळे. सेपांगचा हा विमानतळ 1998 साली सुरू झाला, तो अशाच मळ्यांच्या मुलखात, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. खरी मेख इथेच आहे. डिसेंबर 2023पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टची रांग चुकत नाही. मग विमानतळाची रेल्वे: 57 किलोमीटर, 28 मिनिटं, झकास. ब्रिकफील्ड्समधल्या हॉटेलात टेकलो तेव्हा साडेबारा वाजले होते. दोन्ही शहरांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, म्हणून हिशेबात पळवाटही नाही. नाश्ता राहिला बाजूला, थेट केळीच्या पानावर जेवायलाच बसलो.

परतताना मी बसची तिकिटं काढली. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोल्हापूरहून थोडं कमीच. एका ओळीत तीनच आसनं, पाय ताणून झोपावं अशी, आणि महामार्ग गुळगुळीत. वैताग फक्त सीमेवर. जोहोर बारूला उतरा, शिक्का घ्या, पुन्हा चढा. किलोमीटरभराचा कॉजवे ओलांडला की वुडलँड्सला परत उतरा, या वेळी बॅगांसकट. "पुन्हा?" आईने कपाळावर आठ्या घातल्या. रेंगाळलात तर बस थांबेलच असं नाही, मागून येणारी पकडावी लागते. एवढं करून घरी पोचायला सहा तास लागले. म्हणजे विमानाने वाचवला असेल तर फार तर पाव तास, आणि तिकीट मात्र बसचं पुष्कळ स्वस्त.

दोन्ही देशांनी 2016 साली दीड तासात नेणाऱ्या वेगवान रेल्वेचा करार केला होता. 2021 उजाडता उजाडता तो रद्दही झाला. ती गाडी धावली असती तर या मार्गावर विमानाला कोण विचारतं!

तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी जाणार असाल तर बेलाशक बस घ्या. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या तोंडावर मात्र विमानच बरं, कारण कॉजवेवर तासन्‌तास खोळंबा होतो. आणि भारतातून पाहुणे म्हणून आलेल्यांनी निघण्यापूर्वी सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे नीट बघून घ्यावं.