मिठावर वसलेले शहर आणि पत्र्याची साख

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात नदीकाठापासून एक रुंद मार्ग वायव्येकडे निघतो आणि सुमारे २७ मैलांवर पॉन्टियाक या गावी संपतो. वुडवर्ड ॲव्हेन्यू हे त्याचे नाव. मोटारींच्या इतिहासात या मार्गाचे स्थान मानाचे आहे. १९०९ मध्ये त्याचा एक मैलाचा तुकडा काँक्रीटचा करण्यात आला, तेव्हा ते नवल पाहण्यास दूरदूरचे लोक येत. याच मार्गावरील हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे अर्धशतकभर या परिसराने जगाला मोटारी पुरविल्या.

या शहराच्या पोटात दुसरेही एक धन आहे, ते म्हणजे मीठ. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे असलेला समुद्र आटला आणि त्याचे थर खडकाखाली दबले. शहराच्या नैर्ऋत्य भागाखाली हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची विस्तीर्ण खाण असून तेथील मीठ मुख्यतः हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी वापरले जाते. बर्फाचे पाणी आणि मीठ यांचे ते खारट मिश्रण चाकांबरोबर उडते आणि गाडीच्या सांध्यासांध्यांत शिरून बसते. जे शहर मोटारी घडविते, त्याच्याच भूमीतले मीठ त्या मोटारींचा पत्रा खाते.

हा योग सर्वाधिक भोवला तो १९६० च्या दशकातील ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांना. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे बलदंड इंजिन बसविणे, ही त्यांची कल्पना. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ हे तिचे आद्य उदाहरण मानले जाते. मध्यम गाडीत एवढे मोठे इंजिन बसवू नये, असा मूळ कंपनीचा नियम होता. अभियंत्यांनी नवी गाडी म्हणून मंजुरी न मागता जुन्याच गाडीवर सुमारे २९६ डॉलरचा ‘ऐच्छिक संच’ म्हणून ६.४ लिटरचे इंजिन देऊ केले. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांहून अधिक गाड्या खपल्या. मस्टँग, चार्जर, चॅलेंजर अशी नावे त्या काळात वुडवर्डवरील तरुणांच्या तोंडी होती. पुढे विम्याचे चढे हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांचे युग संपविले.

त्या गाड्यांच्या पत्र्यावर आजच्यासारखा जस्ताचा लेप सर्रास नसे. त्यामुळे उरलेल्यांपैकी पुष्कळ गाड्या गंजून गेल्या आणि ज्या तगल्या त्या फर्न्डेल, रॉयल ओक, बर्कली अशा उपनगरांतील घरांच्या आवारात दिसतात. घराच्या मागील बाजूस एक स्वतंत्र गॅरेज, त्यात एक-दोन गाड्यांपुरती जागा, भिंतीवर टांगलेली हत्यारे आणि मध्यभागी खिळखिळी झालेली एखादी जुनी गाडी. तिचा मालक दिवसा आपला नोकरी-धंदा सांभाळतो आणि संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी या पत्र्याशी झुंजतो. असे एकेक काम वर्षानुवर्षे चालते.

कामाचा आरंभ हातोडीने होत नाही, तो तपासणीने होतो. वरून चकाकणारा रंग पुष्कळदा फसवा असतो. मागील चाकांवरच्या कमानी, दारांखालचे उंबरठे, पायांखालचा तळपत्रा, डिकीचा तळ आणि समोरच्या काचेखालची हवा घेणारी पोकळी या गंजाच्या ठरलेल्या जागा होत. अनुभवी मनुष्य येथे एक लहानसे लोहचुंबक फिरवितो. पत्रा असेल तेथे ते चिकटते. आधीच्या कोणी भोकावर जाड पुट्टी, म्हणजे आपले कारागीर जिला ‘लांबी’ म्हणतात ती, थापली असेल तेथे ते गळून पडते. मग रंग खरवडला जातो आणि बोटभर जाडीच्या पुट्टीखाली पोखरलेला पत्रा दिसू लागतो.

येथे मालकापुढे दोन वाटा असतात. भोकावर जाळी लावून पुन्हा पुट्टी भरावी आणि रंग मारावा. एखादे वर्ष गाडी देखणी दिसेल. नाही तर कुजलेला भाग निर्दयपणे कापून नवा पत्रा जोडावा. मस्टँगसारख्या गाडीत हा प्रश्न केवळ रूपाचा राहत नाही. तिला वेगळी सांगाडा-चौकट नाही. तळपत्रा आणि उंबरठे हेच तिचा भार वाहतात. तेथील गंज झाकणे म्हणजे आत बसणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय.

कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप जोडून गाडीचा आकार पक्का केला जातो. नाही तर तळ निघताच गाडी वाकते आणि पुढे दार बसतच नाही. कारखान्यातील ठिपक्यांचे वेल्डिंग बारीक ड्रिलने उकलून जुना पत्रा सोडविला जातो. नवा पत्रा प्रथम क्लॅम्पने बसवून दारे व डिकी यांच्या फटी पुनःपुन्हा मोजल्या जातात. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असल्याने सलग वेल्डिंग केले की तो तापून लाटेसारखा वाकतो. म्हणून एक टाका येथे, दुसरा काही इंच पलीकडे, मधल्या वेळात पत्रा थंड होऊ द्यायचा, अशा रीतीने शेकडो टाक्यांनी जोड पुरा होतो. पोचे काढताना आतून लोखंडी डॉलीचा आधार आणि बाहेरून हलकी हातोडी, असे दोन्ही हात एका तालात चालावे लागतात.

पुट्टी अजिबात वर्ज्य असते असे नाही. धातू सरळ झाल्यावर राहिलेला किंचित खड्डा भरण्यापुरता दोन-तीन मिलिमीटरचा थर मान्य आहे. नंतर प्रायमर, त्यावर गडद रंगाचा विरळ फवारा आणि लांब ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर. घासताना उंच भागावरील गडद रंग निघून जातो आणि खोलगट भागात तो राहतो. डोळ्यांना न दिसणारा दोष अशा रीतीने स्वतःच उघडा पडतो. आजच्या रंगांतील हार्डनरमध्ये फुप्फुसांस घातक अशी आयसोसायनेट द्रव्ये असतात. साध्या मुखपट्टीने त्यांपासून संरक्षण मिळत नाही, बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. म्हणून पुष्कळ जण पत्र्याचे सारे काम घरी करून शेवटचा रंग मात्र व्यावसायिक रंगशाळेत मारून घेतात. सर्वांत शेवटी बंद पोकळ्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारला जातो. तो कधीच कोणाला दिसत नाही, पण गाडीचे पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असते.

व्यवहारी दृष्टीने पाहता हा धंदा क्वचितच नफ्याचा ठरतो. सुटे भाग, वेल्डिंगचा गॅस, रंग आणि स्वतःच्या तासांची मजुरी खर्ची धरली, तर बेरीज अनेकदा गाडीच्या बाजारभावापुढे जाते. जो कोणी पुढे गाडी विकतो, त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याने ठेवलेला कामाचा दाखला. जाणकार खरेदीदार चुंबक घेऊन येतो, इंजिनावरील क्रमांक तपासतो आणि गाडी उघडी असतानाची छायाचित्रे मागतो. कोठे पत्रा बदलला, कोठे मूळ राहिला, हे ज्याने आपण होऊन दाखविले त्याच्या गाडीला भाव मिळतो आणि त्याच्या शब्दाला किंमत येते. चांगल्या गाडीची ओळखक्रमांकाची पट्टी काढून दुसरीस लावणे हा तर तेथे कायद्याने गुन्हा आहे. पेढीवर बसणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही; झाकलेला तोटा आणि झाकलेला गंज दोन्ही व्याजासह वर येतात.

१९९५ मध्ये फर्न्डेल येथे मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमविण्याच्या निमित्ताने वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरविण्यात आला. तो आता दर ऑगस्टमध्ये भरतो आणि हजारो गाड्या या मार्गावर संथपणे फिरतात. एखादे बॉनेट उघडून मालक उभा असतो आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबे उठून ते पाहावयास येतात. पुढे थंडी पडते, मिठाचे ट्रक रस्त्यावर येतात आणि या गाड्या आच्छादनाखाली जातात. वसंतातील पावसाच्या सरींनी रस्त्यावरचे मीठ धुऊन निघेपर्यंत गॅरेजचे दार त्यांच्यासाठी उघडत नाही.