मोबाइलला नको, गाडीला विचार

दिवाळीला हैदराबादहून बाजारहत्नूरला गेलो, तर बाबांची पेट्रोल गाडी अंगणात धूळ खात उभी. "दोन महिने झाले, हात लावत नाहीत," आई हळूच म्हणाली. आदिलाबादच्या सिग्नलला गाडी बंद पडली होती, मागून हॉर्न वाजत राहिले आणि बाबांचा धीर सुटला. तेव्हापासून आईची डोळ्यांची तपासणीही राहिली होती.

गाडी चालू केली. उभ्या गाडीत इंजिन लटलट हलत होतं. ॲक्सिलरेटर दाबला की सुरळीत. मी स्कॅनर जोडून मोबाइलवर पाहिलं. एकही कोड नाही. "बिघाड नाही," असं मी जाहीर केलं.

बाबा म्हणाले, "मोबाइलला विचारलंस, आता गाडीला विचार."

एअर फिल्टरचा डबा उघडला. आमच्याकडे दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. फिल्टरच्या घड्यांत धूळ आणि कापसाचे तंतू दाटले होते. पुढची नळी काढली, तर थ्रॉटल बॉडीत चकतीच्या कडेला काळा, चिकट थर. इंजिनातली तेलकट वाफ या वाटेने परत जाते आणि तिचा थर बसत जातो. गाडी वेगात असताना चकती बरीच उघडी असते, म्हणून जाणवत नाही. उभ्या गाडीत ती जवळपास मिटलेली असते. इंजिन जेमतेम फटीतून श्वास घेतं. ती फट बुजली की धाप लागणारच!

इचोड्याहून नवा फिल्टर आणि थ्रॉटल क्लीनरचा डबा आणला. इंजिन थंड होऊ दिलं, किल्ली काढून ठेवली. क्लीनर कापडावर मारून हलक्या हाताने पुसत गेलो. खरवडायचं नाही, आणि चकती मोटरवर चालणारी असल्याने जोर लावून ढकलायची नाही. बाबांनी तासभर टॉर्च धरला. कुठे काळं राहिलंय, ते माझ्याआधी त्यांनाच दिसायचं.

गाडी चालू केल्यावर आधी इंजिनाचे फेरे वर-खाली झाले. मग मोबाइलवरचा आकडा आठशेच्या आसपास स्थिरावला. बाबा आकड्याकडे पाहतच नव्हते. बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

दोन दिवसांनी आदिलाबादला निघालो. मी मुद्दाम मागे बसलो. त्याच सिग्नलला गाडी थांबली. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. इंजिन शांत चालू होतं. दिवा हिरवा झाला तसे ते आईला म्हणाले, "डॉक्टरांना पुढची तारीखही विचारून घे. आपण येऊ."