हेगमधलं शांत घर आणि तुमची सही

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-जावई, मुलगे-सुना आज नोकरीच्या निमित्तानं हॉलंडमध्ये आहेत. दोन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढली, की एक दिवस फोन येतो, “आई, इथंच फ्लॅट घ्यावा म्हणतोय.” मग आपले प्रश्न सुरू होतात. खोल्या किती? ऊन येतं का? भाजी जवळ मिळते का? हे सगळं विचारावंच. पण त्या देशात घराची निम्मी परीक्षा जमिनीखाली आणि उरलेली कागदावर होते. तो कागद घरातल्या बाईनं स्वतः वाचावा, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

हेग शहरातल्या स्टाटेनक्वार्तीर या वस्तीत चला माझ्याबरोबर. समुद्र इथून चालत जाण्याइतका जवळ. शंभरेक वर्षांपूर्वीची विटांची घरं एकमेकींना खेटून उभी. खिडक्या केवढ्या मोठ्या, आणि पडदे बहुधा उघडेच! फ्रेडरिक हेन्ड्रिकलान या रस्त्यावर बेकरी, चीजचं दुकान, फुलवाला, सगळं हाताशी. जवळच बेर्लाख या वास्तुशिल्पकारानं बांधलेलं, 1935 साली उघडलेलं पिवळ्या विटांचं कलासंग्रहालय. संध्याकाळी सातनंतर मात्र ट्रामची घंटा आणि समुद्रपक्ष्यांचं ओरडणं, एवढाच काय तो आवाज.

या शहरातली जुनी बांधणी मोठी मजेशीर आहे. रस्त्यावरून एक उघडा दगडी जिना वर जातो आणि वरच्या ओट्यावर तीन-चार दरवाजे शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्येक दरवाजा वेगळ्या बिऱ्हाडाचा. याला तिथं पोर्टीक म्हणतात. दरवाज्याच्या आत पुन्हा जिना, आणि तो इतका अरुंद नि उभा, की कपाट, पलंग खिडकीतूनच वर चढवतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर घर बघायला जाल तेव्हा हा जिना दोनदा चढून-उतरून पाहा.

आता जमिनीखाली. हेगचा समुद्राकडचा भाग वाळूवर आहे, आतला बराचसा भाग ओल्या, भुसभुशीत मातीवर. पूर्वी सुखवस्तू लोक वाळूवर राहत आणि गरीब ओल्या मातीवर. अशा ओल्या जमिनीवरची जुनी घरं, ॲमस्टरडॅममध्ये तर हजारोंनी, लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्यात बुडालेले असेपर्यंत शाबूत राहतात. पण जमिनीतलं पाणी खाली गेलं, खांबांना हवा लागली, की ते कुजतात आणि भिंतींना तडे जातात. म्हणून घर कुठंही असो, पाया कसला आहे ते विचारा आणि इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. तो खर्च वाया जात नाही.

दुसरा प्रश्न, जमीन कोणाची? ॲमस्टरडॅमची नगरपालिका 1896 पासून जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्यानं देत आली आहे. हेगमध्येही अशा जमिनी आहेत. घर तुमचं, पण खालच्या जमिनीचं भाडं भरायचं, आणि मुदत संपली की ते बदलूही शकतं. ते किती आणि कधीपर्यंत, हे कागदावर पाहा.

तिसरी गोष्ट आपल्या ओळखीची, म्हणजे सोसायटी! तिथं फ्लॅट घेतला की कायद्यानंच तुम्ही मालकांच्या संघाचे सभासद होता. छप्पर, जिना, गटार यांच्या दुरुस्तीसाठी संघानं निधी साठवायचा असतो. 2018 पासून नियम असा, की मोठ्या दुरुस्त्यांचा वर्षवार आराखडा केलेला असावा, नाहीतर इमारत पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान अर्धा टक्का दरवर्षी बाजूला टाकावा. पण तीन-चार बिऱ्हाडांच्या लहान इमारतींत हा संघ पुष्कळदा कागदावरच असतो. त्याला ते ‘झोपलेला संघ’ म्हणतात. निधी रिकामा आणि छप्पर गळकं, म्हणजे पुढं खिशाला चाट! म्हणून संघाचे हिशेब आणि मागच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या.

त्यातच घराचे नियमही असतात. मजल्यांमध्ये लाकडी तक्तपोशी, त्यामुळं वरच्यांची पावलं खाली ऐकू येतात. काही ठिकाणी लाकडी फरशीखाली आवाज शोषणारा थर घालावाच लागतो. आपला भल्या पहाटेचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, रविवारची ठोकाठोक शेजाऱ्यांना खपत नाही. शांत वस्तीत घर घ्यायचं, तर ती शांतता आपणही सांभाळायची! स्वयंपाकघरातला धूर बाहेर जातो की पंखा तोच घरात फिरवतो, हेही बघा. नाहीतर फोडणीचा वास आठवडाभर कोटांना येईल.

आता व्यवहार. विकणाऱ्याचा दलाल हा विकणाऱ्याचाच माणूस असतो. आपल्या बाजूनं बोलायला आपला वेगळा दलाल ठेवता येतो. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर सामान्यतः 2 टक्के हस्तांतर कर लागतो, शिवाय नोतारिसची फी. बँकेनं कर्ज नाकारलं तर करार मोडता यावा, ही अट करारात घालून घ्या. पडदे, दिवे, जमिनीवरचं आच्छादन यांतलं काय मागं राहणार, याचीही यादी असते, ती वाचा. आणि एक फार चांगली सोय लक्षात ठेवा. सह्या झालेल्या कराराची प्रत हातात पडल्यावर खरेदीदाराला तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते.

शेवटी सहीविषयी. ज्या हॉलंडचं आपण कौतुक करतो, तिथं 1956 साली कायदा बदलेपर्यंत विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावानं बँकेत खातंही उघडता येत नसे! कॉरी टेंडेलू या खासदारबाईंनी हा प्रश्न नेटानं लावून धरला. आज कायदा असा आहे, की राहतं घर एकाच्याच नावावर असलं, तरी दुसऱ्या जोडीदाराच्या संमतीशिवाय ते विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

तरीही घर दोघांच्या नावावर आहे का, कर्जाला दोघं बांधील आहेत का, आणि लग्न भारतात झालं असल्यास मालमत्तेला कुठल्या देशाचा नियम लागतो, हे नोतारिसला तोंडानं विचारा. डच भाषा येत नसेल तर दुभाषा मागा. दस्त आपल्याला समजावून देणं हे त्या नोतारिसचं कामच आहे, त्यात संकोच कसला? तेव्हा लेकीचा फोन आला, की ऊन आणि भाजी यांच्या जोडीला एवढं जरूर विचारा, “करार तू स्वतः वाचलास ना गं?”