कुत्रं ऐकना गेलंय

लातूर-नांदेडकडच्या फोनची सुरुवात बहुधा याच वाक्याने होते : "डॉक्टर, कुत्रं ऐकना गेलंय." काय ऐकत नाही, असं विचारलं की यादी सुरू होते. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं, दार वाजलं की घर डोक्यावर घेतं, जेवायला बसलं की ताटाशी येऊन केकाटतं. आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, "दोन-चार रट्टे देऊन बघितले, तरी फरक नाही."

माझं म्हणणं असं की, हे कुत्रं उत्तम शिकलेलं असतं. फक्त त्याला कोण, कधी आणि काय शिकवतंय याचा घराला पत्ता नसतो.

नांदेडला तरोड्यात एका घरी शेरू नावाचा लॅब्रॅडॉर आहे. जेवणं सुरू झाली की तो भुंकायचा. सूनबाई "गप!" म्हणून ओरडायच्या, मुलगा पेपरची गुंडाळी उगारायचा आणि आजी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाली सोडायच्या. तिघांमध्ये खरा प्रशिक्षक कोण? अर्थात आजी. भुंकलं की भाकरी, हा धडा त्यांनी इतका पक्का करून घेतला होता की ओरडणं आणि गुंडाळी शेरूच्या हिशेबात धरलीच जात नव्हती. घरातल्यांना वाटत होतं, मी आजींना दटावणार. मी म्हटलं, "आजी, भाकरी बंद करू नका. फक्त तो पोत्यावर गप बसलेला असेल तेव्हा द्या." आजी म्हणाल्या, "तो बसतच नाही की गं बाई." बसतो, पण बसलेल्या कुत्र्याकडे आपण बघतच नाही. त्या दिवशी शेरू भुंकून दमला, क्षणभर खाली टेकला आणि तेवढ्यात आजींचा तुकडा पोत्यावर पडला. तो चकित होऊन आधी तुकड्याकडे, मग आजींकडे बघत राहिला.

पुढचे काही दिवस मात्र अवघड जातात. जुना धंदा चालेना म्हटल्यावर कुत्रं आधी जास्तच जोरात भुंकतं. इथेच घरं हरतात. कुणीतरी कंटाळून "घे एकदाचं" म्हणतं आणि शेरू नवा धडा शिकतो : पुरेसं ओरडलं की मिळतं. रोज मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा अधूनमधून मिळणारा तुकडा सवयीला जास्त चिवट करतो. मटक्याचा नाद सुटत नाही तो याच कारणाने.

यात माझं संशोधन काही नाही. 1898 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं की, ज्या कृतीचं फळ गोड, ती कृती पुन्हा होते. पुढे स्किनरने त्याचं शास्त्र केलं आणि त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी 1940 च्या दशकात ते प्रयोगशाळेबाहेर काढून जनावरं शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला. त्यांच्या कामातली एक गोष्ट मी प्रत्येक घरी आधी शिकवते. खाऊ पोचायला उशीर होतो. कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातलात, तोवर ते उठलं. मग खाऊ मिळाला तो उठण्याचा. म्हणून मध्ये एक खुणेचा आवाज लागतो. बाजारात टिकटिक वाजणारा क्लिकर मिळतो, पण आखूड "हां!" पुरतो. बूड जमिनीला टेकल्या क्षणी "हां!", मग खाऊ. "शाब्बास रे माझ्या वाघा" हे प्रेमाने जरूर म्हणा, पण खूण म्हणून ते फार लांब आहे.

खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. कांदा-लसूण नको, चॉकलेट नको, आणि दिवाळीचे दिवस आहेत म्हणून मुद्दाम सांगते, चिवडा बिलकूल नको. त्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

लॅब्रॅडॉरचं एक बरं असतं, तो पोटासाठी काहीही करतो. आमच्या भागाचं खरं कुत्रं मात्र तसं नाही. कारवान. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. परक्याला वाटावं, उपाशी ठेवलंय. कर्नाटकात याला मुधोळ म्हणतात. 30 ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांबरोबर मुधोळचंही नाव घेतलं आणि माझ्याकडे पुण्या-मुंबईहूनही विचारणा होऊ लागली. मी प्रत्येकाला सांगते, हे कुत्रं फ्लॅटच्या शोभेचं नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनी अशा पिल्लाची विक्रीच बेकायदा आहे. पण आणल्यावर एक दिवसही दवडू नका. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्या काळात छत्री, ट्रॅक्टर, दाढीवाले, लहान लेकरं, सगळं त्याला सुखात दिसलं पाहिजे. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन दाखवा.

कारवानला परक्याचा हात सहन होत नाही. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन असतं. परीक्षक दात बघायला वाकले की चांगली चांगली कुत्री मालकाच्या पायामागे शिरतात. (खंडोबाच्या पायाशी कुत्रं, वाघ्ये त्याच्या नावाने भुंकणार, आणि त्याच यात्रेत मोकळ्या कुत्र्याच्या पेकाटात लाथ. असो.) परक्या हाताच्या या भीतीवरचा उपाय साधा आहे, पण क्रम चुकला की फुकट जातो. आधी हात, मग खाऊ. खांद्याला बोट लावलं, "हां", अंडं. मग मान, मग कान, मग ओठ वर करून दात. बरेच जण आधी खाऊ दाखवतात आणि कुत्रं खाण्यात गुंग असताना हात घालतात. मग कुत्रं शिकतं की खाऊ दिसला म्हणजे आता कुणीतरी धरणार, आणि खाऊलाच भिऊ लागतं.

मारण्याचा प्रश्न इथेच निकालात निघतो. मार खाऊन अल्सेशियन कदाचित तुमच्यासमोर उभा राहील, कारवान मिटतो. शेतावरच्या आखाड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, हाकेला येत नाही, आणि मालक म्हणतो, "माजलंय." टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी यात भर घातली : कळपाचा म्होरक्या व्हा, कुत्र्याला उताणं पाडा. लांडग्यांच्या 'अल्फा'ची कल्पना ज्यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे जगभर पसरली, त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची लढाई नव्हे. आपल्याकडे ही बातमी अजून पोचायची आहे.

पण खाऊने सगळं होतं असंही मी म्हणणार नाही. ब्रेलंड पती-पत्नींनीच 1961 मध्ये एक प्रामाणिक निबंध लिहिला. त्यांनी रॅकूनला डब्यात नाणी टाकायला शिकवलं, आणि पुढे तो नाणी टाकायचं सोडून एकमेकांवर घासत बसू लागला, जसा तो ओढ्याकाठी भक्ष्य चोळतो. उपजत वृत्ती खाऊला हरवते. तुरीच्या वावरातून ससा उठला की कारवानला तुमचं अंडं दिसत नाही. पिढ्यानपिढ्या माणसाने त्याला त्याच धावेसाठी जोपासलं. आता 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, पण ते कुत्र्याच्या रक्ताला कुणी कळवलेलं नाही.

मग काय करायचं? धावणंच बक्षीस म्हणून द्यायचं. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेला हा नियम प्रत्येक आईला माहीत असतो : आधी अभ्यास, मग खेळ. चाकूरजवळच्या एका आखाड्यावर आम्ही वेळूच्या काठीला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला जुन्या टॉवेलची चिंधी. कुत्रीचं नाव राणी. तिच्या गळपट्ट्याला लांब सुती दोरी. मालक तात्यांनी "राणी, ये" एकदाच म्हणायचं. दहादा म्हटलं की पहिले नऊ फुकटचे, हे कुत्र्याला फार लवकर कळतं. तिने मान वळवली की "हां!", आणि तात्यांच्या पायाशी आली की मी चिंधी सोडायची. चिंधी मातीवरून सरपटली आणि राणी अशी सुटली की तात्यांचं बोलणं अर्धवट राहिलं. पुन्हा हाक, पुन्हा धाव. थोड्या वेळाने ती चिंधी सोडून तात्यांचं तोंड न्याहाळू लागली; हाक कधी येते याची वाट बघत.

मी तात्यांना विचारलं, एरवी "ये" कधी म्हणता? "साखळी घालायची असली की." सगळ्या घरी हेच उत्तर मिळतं. आंघोळ, गोळी, साखळी, म्हणजे मजा संपवायलाच आपण हाक मारतो. साखळी घालायची असेल तर उठून कुत्र्याकडे जा. "ये" हा शब्द चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

हा अंक हातात पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील, आणि फटाक्यांची तयारी पोळ्यापासून करायची असते : मोबाइलवर बारीक आवाजात फटाके, आवाजाबरोबर अंडं, आणि आवाज इतक्या सावकाश वाढवायचा की कुत्र्याने खाणं थांबवू नये. यंदा ती वेळ गेली. आता आतली खोली, पडदे ओढलेले, कूलर किंवा टीव्ही चालू, संध्याकाळचं फिरणं उजेडातच. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. भीती ही काही खाऊसाठी केलेली करामत नव्हे. जवळ घ्या, खायला द्या. दरवर्षी थरथरून पलंगाखाली शिरत असेल तर डॉक्टरांना लगेच भेटा आणि भीती कमी करणारं औषध मागा. नुसती गुंगीची गोळी मागू नका. तिने पाय लुळे पडतात, कान मात्र सगळं ऐकत असतात.