शब्दांची जोडी जमली पाहिजे

माझी नोकरी कारकुनाची. दिवसभर टेबलावर अर्ज, आणि संध्याकाळी वस्तीतले लोक कागद घेऊन घरी येतात. शिष्यवृत्ती, नोकरी, बदली, फंडाचे पैसे. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या मुलांचे इंग्रजी व्याकरणापेक्षा शब्दांच्या जोडीत जास्त अडते.

आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि शब्दाला शब्द ठेवतो. मराठीत अभ्यासही 'करतात' आणि चूकही 'करतात'. इंग्रजीत गृहपाठाला 'डू' लागते, चुकीला 'मेक'. चहा 'स्ट्राँग' असतो, पण जोराचा पाऊस 'हेवी'. असे का? ती भाषेची वहिवाट आहे. आपली आजी लुगडे नेसते, पण चोळी घालते, तसेच हे.

नुसते हसे झाले तर सोसता येते, पण अर्जात नुकसान होते. एका मुलाची शिष्यवृत्ती अडकली होती. साहेबांना देण्यासाठी त्याने लिहिले होते, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर ऑर्डर.' बिचाऱ्याला एवढेच विचारायचे होते की, कोणता कागद कमी पडला? आपली 'शंका' म्हणजे साधा प्रश्न. इंग्रजीत 'डाउट' म्हटले की अविश्वास येतो. तुमच्या हुकमावर माझा भरवसा नाही, असा त्याचा अर्थ झाला असता! आम्ही तिथे 'क्वेश्चन' घातले व कागदाचे नाव सरळ विचारले.

'मागणी'चेही तसेच. मोर्चात 'डिमांड' शोभते, रजेच्या अर्जात 'रिक्वेस्ट' लिहावे. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'रिटर्न'पुढे 'बॅक' नको. परत येणे त्यातच आले.

यावर उपाय आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवीत. परक्या मुलांना शब्द कसा वापरावा हे कळावे म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली तिथे छापला गेला. १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला. आजची 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच. तिच्यात अर्थाखाली उदाहरणाची वाक्ये असतात. मुले अर्थ पाहून पान मिटतात; खरा माल त्या वाक्यांत आहे.

आई-बापांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी एवढे करा. पोरगी शब्द पाठ करीत असेल तर तिला सांगा, "बाळ, एकटा शब्द नको, त्याचा जोडीदारही वहीत लिही." रोज दोन जोड्या पुरेत. वर्षाला सातशेच्या वर होतात.