थकलेला हप्ता आणि घर

घरकर्जाचा हप्ता दरमहा जातो; चंद्रपूर-गडचिरोलीतली मिळकत मात्र हंगामाने येते. धानाचा पैसा दिवाळीनंतर, तेंदूपत्त्याचा उन्हाळ्यात. खेड्यांच्या गिऱ्हाइकीवर चालणाऱ्या शहरातल्या दुकानांचेही तसेच. पावसाळ्यात हात आखडतो आणि हप्ते तुंबू लागतात.

थकबाकी ९० दिवसांवर गेली की खाते अनुत्पादित ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे ६० दिवसांची मागणी-नोटीस निघते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. ही सवलत फार थोडे वापरतात. उलट, नोटिशीचे पाकीट पोस्टमनच्या हातीच परत धाडण्याची इकडे सवय. पाकीट नाकारल्याने दिवस मोजायचे थांबत नाहीत. नोटीस दारावर डकवूनही बजावता येते. पुढे कागदोपत्री ताबा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि घर रिकामे करून घेण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण ते नागपूरला, आणि गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर गाठण्यातच दिवस जातो.

शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायलाही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे बँक हात आखडता घेते आणि गरजू सावकाराकडे वळतो. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची.

घर वाचवण्याची खरी वेळ नोटिशीच्या आधीची. प्रस्तुत लेखकाचे चंद्रपुरातले दुकान २०२० च्या टाळेबंदीत बंद पडले. घरकर्जाचे मार्च ते ऑगस्टचे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने थांबले, व्याज थांबले नाही. ते मुद्दलात मिसळले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुकान पुन्हा बंद झाले आणि दोन हप्ते थकले. ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पुनर्रचनेची दुसरी योजना जाहीर केली: ३१ मार्चला अनुत्पादित नसलेल्या खात्याची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येत होती. शाखेत तोंडी विनवण्या करण्यात तीन आठवडे गेले. विक्रीचे आकडे, खातेउतारा आणि झेपेल त्या हप्त्याची रक्कम जोडून अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला, तेव्हा कुठे फाईल हलली. थकबाकी भरायला दुकानाचा मालवाहू टेम्पो, छोटा हत्ती, विकावा लागला.

हप्ता कमी झाला, मुदत दोन वर्षांनी लांबली, एकूण व्याज वाढले. माल आणायला दुकानाला आजही भाड्याची गाडी लागते.